सव्वीस डिग्री

अगं, आमच्या लीड्सच्या फ्लॅटमधल्या इलेक्ट्रिक हीटर्सना थर्मोस्टॅट हवा होता, तर माझ्या नवऱ्यानं, मंदारनं, तीन आठवडे रिव्ह्यू वाचले. मग प्रोग्रॅम लावता येणारा एक आणला. सासूबाई सातला उठतात, म्हणून सातपासून एकवीस डिग्री.

पण रोज साडेसातला हीटर बंद! सासूबाई शाल पांघरून कुडकुडतायत आणि थर्मोस्टॅट दाखवतोय सव्वीस.

"फॉल्टी आहे," म्हणत मंदारनं तो परत केला आणि दुसरा, वायफायवाला आणला. तोही तसाच!

शेवटी इलेक्ट्रिशियनला सकाळीच बोलावलं. त्यानं थर्मोस्टॅटकडे पाहिलं, मग बरोब्बर त्याच्या खालच्या शेल्फवर, सासूबाईंच्या देवांपुढे तेवणाऱ्या समईकडे.

"हा दिवा रोज इथंच लावता?"

मंदारचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई, देव जरा त्या भिंतीला ठेवायचे का?"

"देव कशाला हलतील? दोनदा यंत्र बदललंस ना, आता त्याची जागा बदल. आणि त्याला कशाला फॉल्टी म्हणतोस? त्या बिचाऱ्याला समईची ऊब लागली तरी. तू रोज तिथंच नमस्कार करतोस, तुला काही जाणवलं?"