हेमांगीची आई किती वेळा मेली

माणसानं जन्माला कधी यावं, त्याला भावंडं किती असावीत, त्यानं कुणाच्या हातून मरावं, हे सगळं तीन-चार वर्षं माझ्या हातानं लिहिलं गेलंय. खोटं सांगत न्हाय पावणं, एका अख्ख्या घराण्याचं नशीब ह्या तीन बोटांतून गेलंय. आता तसं बघायला गेलं तर लिहायचे ते सर, पुण्यात बसून, त्यांचं अक्षर कुणाला लागत नव्हतं म्हणून मी ते चांगल्या अक्षरात उतरवून द्यायचो. पण हात माझाच होता की.

माझा जन्म कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. वडील स्टुडिओत लाइटी उचलायचे, म्हणजे सिनेमात होते असं आम्ही शाळेत सांगायचो, आणि ते खोटंबी नव्हतं, कारण वडलांनी धरलेल्या लाइटीशिवाय नटी दिसली नसती. पुढं स्टुडिओ थंड पडले, वडीलबी थंड पडले. मी दहावी झालो आणि थांबलो. अंगात एकच गुण, अक्षर. लग्नाच्या पत्रिकांवर नावं घाल, तालमीचा फळा लिही, शाळेची सर्टिफिकिटं भर, असं करत करत नव्वदची सालं गेली. माणसाला कोण विचारत नव्हतं, अक्षराला विचारायचे. ते अक्षरवाले बोलवा म्हणायचे. नाव कुणाला ठाऊक न्हाय.

मग ती मालिका आली. नाव सांगत न्हाय, सांगून काय करायचंय, रोज संध्याकाळी साडेसातला लागायची आणि एका साखर कारखानदाराच्या घरातली भांडणं त्यात असायची. शूटिंगला कसबा बावड्यात एक बंगला घेतलता, पुढं उसाचं रान, मागं नव्या इमारती, त्यामुळं कॅमेरा कायम पुढं तोंड करून असायचा. सर पुण्यातनं फॅक्सनं सीन पाठवायचे. सकाळी सातला मी एसटीडीच्या दुकानात जाऊन उभा राहायचो, मशिनीतनं तो गुळगुळीत कागद गुंडाळी होऊन बाहेर यायचा, त्यावर सरांचं अक्षर म्हणजे पावसात कोंबडी चालून गेल्यावाणी. दोन तासांत मी ते उतरवायचं, झेरॉक्स काढायच्या, आणि बंगल्यावर द्यायच्या. नट मंडळी चहा पीत पीत तेच पाठ करायची.

आता वहीचं सांगतो. एकदा काय झालं, थोरल्या सुनेचे चुलत सासरे सरांनी श्रावणात मारले. चांगला तीन दिवस रडण्याचा कार्यक्रम झाला. दिवाळीत फॅक्स आला, तर चुलत सासरे फराळाला बसलेले. मी कागद हातात धरून उभा. ते काम करणारा नट तवर दुसरीकडं इन्स्पेक्टर झालता. मग मी काय केलं, ती वाक्यं घरातल्या गड्याला दिली, थोडी अदब घातली, अहोजाहो केलं, आणि उतरवून दिली. कुणाला कळलं न्हाय. सरांनाबी न्हाय, कारण सर स्वतःची मालिका बघत नव्हते. त्या दिवसापासनं मी एक दोनशे पानी वही केली. कोण कुणाचं, कोण मेलं, कुणाचं काय शिक्षण, कुणाला कशाचं भ्या. पुढं दीड वर्ष सरांची चूक आली की मी वही बघायचो आणि गुपचूप नीट करायचो. मला त्यात लई समाधान होतं. एखादा गवंडी कसा, दुसऱ्यानं बांधलेल्या भिंतीचा पोक हळूच काढतो, तसं.

मग सरांचा सत्कार झाला. कोल्हापुरातच, मालिकेला दोन वर्षं झाली म्हणून. फेटा, शाल, श्रीफळ, व्यासपीठावर सोळा खुर्च्या आणि खाली आम्ही चाळीस. सर बोलायला उभं राहिले आणि म्हणाले, माझ्या डोक्यात शंभर माणसं नांदतात, मला कधी वही लागली नाही, प्रतिभेला वही नसते. टाळ्या पडल्या. मीबी वाजवल्या. पण जेवणाच्या वेळी मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी पिशवीतनं वही काढली आणि सरांच्या पुढं धरली, म्हटलं सर, ह्यात समदं हाय, तुम्हाला उपयोगी पडंल. खरंच चांगल्या मनानं दिली. सरांनी चार पानं चाळली. त्यांना काय कळायचं ते कळलं. डायरेक्टरच्या आणि चार नटांच्या देखत म्हणाले, तुम्ही माझ्या मजकुराला हात लावता? तुमचं काम अक्षर. मजकूर माझा.

मी बरं म्हटलं.

आता आमच्याकडचा माणूस राग आला की भांडतो, दोन शिव्या घालतो, आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर चहा पितो. मी तसं केलं असतं तर पुढचं झालं नसतं. मी गप बसलो. मनाशी ठरवलं, इथून पुढं जसंच्या तसं. आई मेली तर मेली, उठून बसली तर बसली. अक्षर माझं, मजकूर तुमचा.

आणि बघा, नेमकं त्याच महिन्यात थोरल्या सुनेचं काम करणारी बाई सिनेमा मिळाला म्हणून मुंबईला गेली. सरांनी सुनेला हिमालयात पाठवलं आणि तिची धाकटी बहीण आणली, हेमांगी. नवी नायिका. हेमांगीचं काम करायला आली सुजाता. चंदगडकडची पोरगी, वडील एसटीत कंडक्टर, कॉलेजात असताना युवक महोत्सवात बक्षिसं घेतलेली. पहिल्या दिवशी माझ्याजवळ आली, जयभीम काका म्हणाली, तुम्हीच लिहिता का हे? मी म्हटलं न्हाय बाई, उतरवतो. ती म्हणाली, पण ह्या अक्षरामुळं पाठ लवकर होतं. काय सांगू तुम्हाला, दोन वर्षांत त्या बंगल्यात मला कुणी हे म्हटलं नव्हतं.

पहिला आठवडा पोरीनं गाजवला. हेमांगी आईच्या फोटोला हार घालते आणि शपथ घेते, आई, मी आयुष्यात खोटं बोलणार न्हाय. एका दमात केलं तिनं ते. लाइटवाले गप झालते, आणि लाइटवाले गप होत नसतात, मला घरातनंच माहीत हाय.

दुसऱ्या आठवड्यात फॅक्स आला. हेमांगी फोनवर बोलते. कुणाशी, तर आईशी. आई, तू गोळ्या वेळेवर घे. मी वाचलं. हात थांबला. एक शब्द बदलायचा होता, आईच्या जागी मावशी. चुलत सासऱ्यांपेक्षा सोपं काम. मी आई असंच लिहिलं.

त्याच्या पुढं तर काय विचारू नका. सर तेव्हा तीन मालिका एकदम लिहीत होते, इकडचं तिकडं जायचं. शिवाय दर गुरुवारी चॅनेलचे आकडे यायचे, आकडा पडला की पुढच्या सोमवारी हेमांगीचा स्वभाव बदलायचा. एका आठवड्यात ती वकील, कोर्टात उभी. पुढच्यात बारावी नापास म्हणून बहिणीची सासू टोमणे मारते आणि ही मुकाट ऐकते. सोमवारी तिला पाण्याचं भ्या, लहानपणी भाऊ बुडाला म्हणून, आणि शुक्रवारी पंचगंगेत उडी टाकून ती परक्याचं पोर काढते. खोटं न बोलणारी पोरगी महिन्याभरात कपाटाच्या किल्ल्या चोरून गड्यावर आळ घेते. आणि आई, ती तर काय, कधी फोटोत, कधी दवाखान्यात, कधी फोनवर.

आणि मी हे सगळं वहीत लिहून ठेवत होतो बरं का. दुरुस्त करायचं सोडलं, पण लिहायचं सोडलं न्हाय. हेमांगीच्या पानावर एकाखाली एक, आई मेली, आई फोनवर, आई मेली, आईला बरं वाटतंय. वाचून मला बरं वाटायचं. सरांची प्रतिभा मोजत होतो मी. त्या पानावर पोरगी उभी हाय, हे मला दिसत नव्हतं.

सुजाता मात्र प्रत्येक सीन खरा मानून करायची, तिथं तिचं चुकलं म्हणा. जुनी मंडळी शहाणी, ती सगळे सीन सारख्याच तोंडानं करायची, त्यामुळं त्यांच्यात फरक दिसायचा न्हाय. ही सोमवारी खरं भ्यायची आणि शुक्रवारी खरी उडी मारायची. मग लोक म्हणायला लागले, पोरगी खोटी वाटते, काम येत न्हाय. एकदा बाजारात मी बरोबर होतो, भाजीवाल्या मावशीनं तिला ओळखलं, म्हणाली, काय गं, तुझी आई हाय का गेली ते एकदा ठरीव की, आम्ही काय दोनदा सुतक धरायचं काय? आजूबाजूचे हसले. सुजाताबी हसली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, काका, ही बाई नेमकी कोण हाय हो? मला एकदा कळलं तर मी बरोबर करीन. मी म्हटलं, मजकूर सरांचा.

एका बुधवारी मॅनेजरनं तिला सांगितलं, शुक्रवारी चॅनेलची माणसं येणार, हेमांगीचं काय करायचं ते ठरवणार. ती माझ्याकडं आली. मी बंगल्याच्या मागच्या पायरीवर झेरॉक्सला टाचण्या मारत बसलतो. म्हणाली, काका, तुम्ही वही ठेवता असं मेकअपदादा म्हणाले. हेमांगीचं पान तेवढं द्या. मी त्यांना दाखवते, हे बघा, हे असं आलंय, मी आलंय तसं केलंय. वही पिशवीत होती. पिशवी माझ्या गुडघ्याला लागत होती. आणि माझ्या मनात काय आलं तर, वही दाखवली की सर म्हणणार, ह्या कारकुनानं माझ्यावर पाळत ठेवली, आणि माझं काम जाणार. ते भ्या होतं. पण नुसतं भ्या असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. त्या सत्काराचा रुसवाबी होता. त्यावेळी वही नको होती न्हवं, मग आता कुणालाच नको. रुसवा सरांवर होता आणि पुढं उभी होती ती पोरगी.

मी म्हटलं, न्हाय बाई, वही मी कधीच टाकून दिली.

ती म्हणाली, असू दे काका. आणि माझ्या हातातल्या अर्ध्या टाचण्या घेऊन मला मदत करत बसली.

शनिवारी फॅक्स आला. हेमांगी शिकायला बंगलोरला गेली. गेली म्हणजे गड्यानं तिची चिठ्ठी वाचून दाखवली, तेवढंच, तिचा सीनसुद्धा नव्हता. वकील झालेली, बारावी नापास झालेली पोरगी शिकायला गेली. ते पान मी उतरवलं. इतकं सुंदर अक्षर मी आयुष्यात काढलं न्हाय. का, ते विचारू नका. हात माझा होता, एवढंच सांगतो.

थोरली सून हिमालयातनं परत आली, तोंड दुसरंच घेऊन, आणि लोकांनी ते चालवून घेतलं. मालिका वर्षा-दीड वर्षात बंद पडली. माझं काम तर असंबी गेलं, कॉम्प्युटर आला, सर टाइप करून पाठवायला लागले. ज्या कामासाठी मी खोटं बोललो ते काम एवढंच टिकलं. आता डोळ्याला मोतीबिंदू हाय, हात थरथरतो, शाळेची सर्टिफिकिटंबी मशीनच काढतं. त्याचं मला काय वाटत न्हाय. वाटतं ते दुसरंच.

मधी पाच-सहा वर्षं गेली असतील. भाचीच्या लग्नाला चंदगडकडं गेलतो, तिथं कळलं सुजाता जवळच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई हाय. मी वही बरोबर नेलीच होती. खरं सांगायचं तर लग्नाला वहीसाठीच गेलतो. शाळा सुटल्यावर भेटलो. तिनं लगेच ओळखलं, चहा सांगितला. मी वही टेबलावर ठेवली आणि सांगितलं सगळं, पायरीवरचंसुद्धा. तिनं हेमांगीचं पान उघडलं. आधी थोडं हसली, आई मेली, आई फोनवर ह्याला. मग वाचत गेली तशी हसायची थांबली. वही मिटली. म्हणाली, काका, मला इतकी वर्षं वाटत होतं, मलाच जमलं न्हाय. मी त्यानंतर स्टेजवर पाय ठेवला न्हाय. गॅदरिंगलाबी पोरांचं नाटक दुसऱ्या बाई बसवतात, मी पडदा धरते.

मी हात जोडले. ती म्हणाली, हात खाली घ्या, पोरं बघत्यात. आणि चहा प्या, गार होतोय.

वही मी तिच्याकडंच ठेवून आलो. ठेवते म्हणाली. टाकली तरी तिचीच हाय. नवरा चांगला हाय तिचा, पोरगं बालवाडीत हाय, तिचं सगळं चांगलं होवो, आणखी काय मागायचं माझ्यासारख्यानं.

ती मला एसटीला सोडायला आलती. गाडीला वेळ होता. इतकी वर्षं एक गोष्ट माझ्या मनाला खात होती, ती विचारली. म्हटलं, बाई, गावातली माणसं, आई, वडील, त्यांनी तुझी ती दशा रोज टीव्हीवर बघितली असंल, त्यांना काय वाटलं असंल? ती म्हणाली, न्हाय काका, आमच्याकडं तवा सात ते नऊ लोडशेडिंग असायचं. गावात एकबी भाग कुणी बघितला न्हाय.