झाकण कुणी लावलं?

...बरं, मी ओरडलोसुद्धा नाही, नुसतं विचारलं, की झाकण कुणी लावलं? तर ताई म्हणते, "उघडं होतं." अगं, उघडं होतं म्हणजे मी उघडं ठेवलं होतं! अर्धा तास घालवून उघडं ठेवलं होतं! आता तुम्ही म्हणाल, चोपन्न वर्षांचा घोडा एका डब्याच्या झाकणासाठी सख्ख्या बहिणीशी भांडतो? भांडतो. आधी ऐका तर खरं.

आमचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. घरातच, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी टेबल टाकून. गेल्या वर्षी गेले. आता आई दादाकडे राहायला चाललीय, घर रिकामं करायचंय, आणि बाबांच्या वस्तू तिघांत वाटून झाल्यात. टेबल-खुर्ची दादाला, स्क्रूंचा डबा आणि पेन ताईला, चष्मा आणि ते डोळ्याला लावायचं भिंग मला. त्याबद्दल काही तक्रार नाही. पण रविवारी टेम्पो आला की त्या वस्तू तीन गावांना जाणार, परत काही एका टेबलावर यायच्या नाहीत. म्हणून मी म्हटलं, त्याआधी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढतो, तिघांच्या घरी एकेक लावू. म्हटलं आणि फसलो.

कारण मी फोटोग्राफीचा क्लास केलाय ना! शिकवणारे सर माझ्या भाच्याच्या वयाचे, पण सर ते सर. ते डोळे अर्धे मिटायचे, हात हवेत असा फिरवायचे आणि म्हणायचे, "जुन्या वस्तू मांडायच्या नसतात, विसरायच्या असतात. माणूस आत्ताच उठून गेलाय, असं वाटलं पाहिजे." म्हणजे पेन उघडं, चष्मा उताणा, खुर्ची तिरकी. जरा नीटनेटकं दिसलं की म्हणणार, "हे दुकान झालं."

तर गुरुवारी मी बाबांचं टेबल असं छान विस्कटलं. डबा उघडा, चार स्क्रू सांडलेले, पेनाचं टोपण लांब पडलेलं. त्या खिडकीतून ऊन येतं सव्वानऊला आणि दहाला गायब, तेवढ्यात सगळं उरकायचं. कॅमेऱ्याची बॅटरी आणायला आत गेलो, आलो... झाकण बंद. स्क्रूसुद्धा आत. ताई म्हणते, "हरवले असते की."

आता तिचंही बरोबर आहे हो. आमच्या घरात लहानपणी अभ्यास नाही केला तरी चालायचं, उलट उत्तर दिलं तरी एक वेळ चालायचं, पण उघडं झाकण? डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा तो स्क्रू, एक घरंगळला की बाबांचा दिवस जमिनीवर रांगण्यात जायचा. आम्ही कुठूनही उठलो की टेबलाकडून आवाज यायचा, "झाकण?" वर न बघता! भिंग डोळ्यालाच! एवढ्या एका गोष्टीवर तिघं वाढलो.

शुक्रवारी परत मांडलं. ताईला बाजारात पाठवलं. तेवढ्यात दादा फोनवर बोलत बोलत खोलीत आला, टेबलाला एक फेरी मारली, बोलत बोलतच बाहेर गेला. बघतो तर चष्मा मिटून त्याच्या घरात, पेनाला टोपण, खुर्ची आत सरकवलेली! दादाला विचारलं तर म्हणतो, मी हातसुद्धा लावला नाही. आणि खोटं बोलत नव्हता हो, त्याला खरंच माहीत नव्हतं!

शनिवारी मी कडी लावली आतून. म्हटलं, या आता. सर म्हणतात तसं, माणूस आत्ताच उठून गेलाय! सगळं विस्कटलं, कॅमेऱ्यात डोळा घातला... चष्मा मिटलेला. उघडला. स्टँड जरा मागे घेतला, परत बघितलं... पेनाला टोपण. खोलीत मी एकटा, दाराला कडी! सांगा ना, ओरडू कुणावर?

रविवार उजाडला. टेम्पो दहाला येणार. मी सगळं विस्कटून हात पाठीमागे बांधून उभा. आई आली. बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कुणाचं टेबल आहे रे हे?"

म्हटलं, अगं, बाबांचं. आत्ताच उठून गेल्यासारखं केलंय.

"छे. ते असं टाकून कधी उठले होते?"

आणि तुम्हाला सांगतो, आई पुढे झाली. स्क्रू वेचले, झाकण लावलं, दाबून बघितलं. पेनाला टोपण. चष्मा पुसून मिटला. भिंग फडक्यावर पालथं. खुर्ची आत सरकवली, आणि तिच्या पाठीवर जरा वेळ हात ठेवला.

"हं. आता उठले."

ऊन नेमकं त्या झाकणावर होतं. मी बटण दाबलं. ताईने फोटो बघितला आणि पदर तोंडाला लावला, दादा खिडकीबाहेर टेम्पो बघायला लागला, टेम्पो आला नव्हता तरी.

मग काय, हौसेने नेला सरांकडे. सरांनी डोळे अर्धे मिटले. म्हणाले, "उजेड चांगला आहे. पण हे दुकान झालं. यात माणूस कुठाय?" हो म्हटलं, आभार मानले, निघालो.

जिना उतरलो तेव्हा लक्षात आलं. सरांनी पुढच्या बॅचसाठी एक टेबल तासभर खपून विस्कटून ठेवलं होतं, आणि येताना त्यावरच्या पेनाला मी टोपण लावून आलो होतो.