चार चौकटींचा कागद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय साहेबराव हंबर्डे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेले आपले चित्रकार पंचाक्षरी अप्पा, शेजारी बसलेल्या मंजुश्रीवहिनी आणि जेवणाचा वास येत असतानाही शांत बसलेल्या बंधू-भगिनींनो,

अप्पांच्या गौरवाची जबाबदारी माझ्यावर आली. आपल्या कृषी कार्यालयाचा प्रसिद्धी विभाग मी सांभाळतो आणि नऊ वर्षं अप्पांचा साहेब म्हणून मिरवलो, म्हणून ही निवड झाली असावी. ती चुकली, हे थोड्या वेळात कळेलच.

मी एम. ए. मराठी. फवारणीवरची माझी सोळा पानी पुस्तिका आपण सर्वांनी पाहिली आहे. वाचली किती जणांनी, हे मी या मंगल प्रसंगी विचारणार नाही. अप्पा तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, चित्रांत सांगू." मला वाटलं, शेतकऱ्याला काय कॉमिक द्यायचं? ते पोरासोरांचं वाचन. पण वरून आदेश आला आणि नाइलाज झाला.

अप्पांनी एकाखाली एक चार चौकटी काढल्या. औषध कालवणं, फवारणं, साबणानं हात धुणं, भाकरी खाणं. अक्षर एकही नाही. काम देखणं होतं, फक्त माझा फोटो आणि शुभसंदेश यांना जागा नव्हती. मग मी चौकटी कापून वर दोन, खाली दोन अशा मांडल्या.

अप्पा म्हणाले, "कोण कुठून वाचील, सांगता येत न्हाई साहेब."

मी म्हणालो, "माणूस डावीकडून उजवीकडेच वाचतो." शाळेत गेलेला माणूस, एवढं म्हणायचं राहिलं.

महिनाभरात हदगाव तालुक्यातल्या साखराबाई कार्यालयात आल्या. फवारणीनंतर त्यांचे मालक व्यंकटी तीन दिवस दवाखान्यात होते. जीव वाचला होता. बाईंच्या हातात आमचा कागद. त्यांनी डाव्या बाजूनं बोट वरून खाली नेलं, मग उजव्या बाजूनं वरून खाली. "औषध कालवलं. हात धुतले. फवारलं. भाकर खाल्ली. कागदात हाय तसंच केलं की त्यानी."

अप्पांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "अजून काय दिसतंय, बाई?"

"ह्यो जेवणारा दुसराच माणूस हाय. ह्याच्या तोंडाला फडकं न्हाई."

पुढचं पत्रक अप्पांनी साखराबाईंना समोर बसवून काढलं. चारही चौकटींत माणसाला तोच लाल सदरा. आणि हात धुण्याला अर्धा कागद. एवढी जागा कशाला, मी विचारलं.

"मोठ्या चित्रापाशी माणूस थांबतो, साहेब. हितं थांबायलाच पाहिजे."

आणि दोन चौकटींमधली ही कोरी पट्टी?

"तिथं तो पंप उतरवून हौदाकडं जातो. ते मी काढत न्हाई. वाचणारा मनात चालतो."

सोळा पानांत मला हे एकदाही जमलं नव्हतं. तेव्हापासून मी पुतणीच्या चित्रकथा मागून आणतो आणि चौकटीगणिक थांबत वाचतो. एवढा वेळ का लागतो, असं तिला वाटतं.

आता गौरवाचा अवघड भाग. त्या पहिल्या पत्रकाची चौकशी झाली. 'चित्रांचा क्रम सदोष' म्हणून अप्पांच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली गेली. त्या अहवालाखाली सही माझी आहे. अप्पा एवढंच म्हणाले, "वाचणाऱ्याला कळलं न्हाई, तर चूक चित्राचीच." हे वाक्य मी सात वर्षं थोर विचार म्हणून सांगत आलो. सोयीचं होतं ना.

अध्यक्ष महोदय, क्रम मी बदलला होता. तसं लेखी निवेदन सकाळीच आपल्या टेबलावर ठेवलं आहे. आपण ते अजून उघडलेलं नसावं, कारण आत्तापर्यंत आपण हसत होतात.

संयोजकांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. पुन्हा बोलू देतील असं वाटत नाही. बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल तर आपण सारे सांभाळून घ्यालच. पण अप्पा, वहिनी, आणि तिसऱ्या रांगेत बसलेले व्यंकटीराव, साखराबाई, त्या बदललेल्या क्रमाबद्दल आणि त्या सहीबद्दल मला तुमची माफी मागायची आहे. ती आजच मिळावी, असा माझा हट्ट नाही.