चित्र चालू, आवाज बंद

— नाही भाऊ, डिजिटल फळा चालते ना, चित्र एकदम झकास दिसते, आवाजच तेवढा येत नाही. तेवढ्यासाठी तुमाले यवतमाळवरून आमच्या तांड्यावर धाडलं? बसा, चहा घ्या. मी इथली हेडमास्तर, कोकिळा मॅडम. खोलायची घाई नका करू, आधी ऐका.

आमचे अमर सर या फळ्याचं ट्रेनिंग करून आले, तवापासून हातात खडू धरेनात. गणित — व्हिडिओ. कविता — व्हिडिओ. कापसाचा धडा आला तं खिडक्या लावल्या, अंधार केला, आन् पडद्यावर एक कार्टूनबाई शुद्ध भाषेत सांगून राह्यली, मुलांनो, हा बघा कापूस — अन् खिडकीबाहेर बोंडं फुटलेली, हात काढला तं हाताले लागन. सर मागं खुर्चीवर, मोबाईलमधी. पोट्टे गप्प. पाहुणे येत, म्हनत, काय एकाग्रता हाय. कायची एकाग्रता? घरी गोरबोली, म्हंजे बंजारा बोली, बोलणारे लेकरं, त्या बाईचं अर्धं बोलणं त्याहिले समजत नोतं. झोपलेला माणूसबी एकाग्रच दिसते.

त्यातच ही रंजिता, दुसरीतली. शाळेत आली तवापासून वर्गात तोंड उघडलं नाही. सरांनी ठरवूनच टाकलं — पोरीले बोलता येत नाही, मुक्यांच्या शाळेत टाका, होस्टेलवर. तिची माय बिजलीबाई आली, म्हने, घरी तं हिचं तोंड बंद होत नाही. सर म्हनले, सगळ्या आया असंच सांगतात. ती रडली नाही, भांडली नाही, पोरीचा हात धरून उभी राह्यली नुसती. मले त्या दिवशी जेवण गेलं नाही — जाऊ द्या, ते नोती सांगत मी.

मंग शिक्षण खात्याचे साहेब आले शाळा तपासाले. गुलदस्ता, समोर खुर्च्या, सगळा थाट. सरांनी चिमणीच्या घरट्याचा व्हिडिओ लावला आन् लायनीनं झटका मारला — आवाज गेला, चित्र चालूच. सर घामाघूम, हे बटन दाब, ते बटन दाब. पडद्यावर पिल्लं चोची उघडून बसलेले, वर्ग चिडीचूप, आन् मागून आवाज आला — "याडी आवगी." म्हंजे आई आली. कोण बोललं? रंजिता. उठली, फळ्यापाशी गेली, आन् सांगतच सुटली — आईनं दाणा आणला, मोठं पिल्लू पुढं घुसते, हे लहानं मागं राह्यलं, याले कोणीच देऊन नाही राह्यलं — सगळं गोरबोलीत, बोट लावून लावून. बाकीचे पोट्टे आधी हसले, मंग तेबी सांगाले लागले. साहेब म्हनले, हे काय चाललंय, मुलांना मराठीत बोलायला सांगा, आणि आधी तो आवाज सुरू करा. सर तिले बसवाले उठले. मी म्हनलं, "सर, तिले बोलू द्या." साहेबासमोर. जरा मोठ्यानंच निघालं माह्या तोंडून.

साहेबानं शेरा काय मारला? ध्वनियंत्रणा नादुरुस्त, तातडीनं दुरुस्त करावी. पोरगी बोलली, ते नाही लिवलं — त्याच्यासाठी त्याहिच्या कागदावर जागा नसन. होस्टेलचं मात्र तिथंच बारगळलं. सर सोता बिजलीबाईच्या घरी गेलते, काय बोलले ते अजून सांगत नाहीत. आता आमी चित्र चालवतो, मधीच थांबवतो, इचारतो — आता काय होईन? पोट्टे भांडतात, आपल्या बोलीत सांगतात, मंग तेच मराठीत, आन् रंजिता तं दुसऱ्याले बोलूच देत नाही. आमी म्हंजे सर. बरं, मीबी. शाळा सुटल्यावर फळा चालवाले थोडं शिकली सरांपाशी. एवढं काही अवघड नाही ते.

काय म्हनता? काहीच जळलं नाही? मागची आवाजाची वायर कोणी काढून घेतली? असन बाप्पा, उंदरं लय हायेत इथं. — हो, उंदीर वायर गुंडाळून कपाटात ठेवत नाही, कबूल. लावा ते कपाट. तुमच्या कागदावर लिवा, पार्ट भेटून नाही राह्यला. काहून हसता? चहा झाला ना? मंग निघा आता, मले वर्ग हाय.