प्लास्टर गरम होतंच

...लागणारच, काका, गरम लागणारच. पण सोसवेना तर लगेच सांगा, लाजू नका. या बादलीत बोट बुडवून बघा — गार आहे ना पाणी? मग हातावर ऊब आली कुठून? या पांढऱ्या भुकटीतून. मुळात हा दगड. भट्टीत भाजून त्यातलं पाणी उडवतात, आणि आपण ते पाणी परत पाजलं की भट्टीत घेतलेली उष्णता तो बाहेर टाकतो. म्हणून पाणी साधंच घ्यायचं, थर बेताचे द्यायचे, आणि ओल्या प्लास्टरखाली उशी ठेवायची नाही — उष्णतेला वाट हवी. एकवीस वर्षं हेच करतोय मी या खोलीत. मनगट हलवू नका.

गरम पाणी घेतलं तर काय होतं? प्लास्टर पटकन धरतं, काम झटपट उरकतं — आणि आतली उष्णता नि पाण्याची उष्णता एक झाली की कातडी भाजते. जाणता माणूस घेईल का असं पाणी? घेतो ना. बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली, जेवणाची वेळ टळलेली, आणि समोर घरचंच माणूस — घरच्याला काय, कसंही उरकलं तरी चालतं. माझी थोरली बहीण हो, आक्का. आई गेल्यावर तिनंच मला लहानाचं मोठं केलं. जिन्यावरून घसरली, पायाचं हाड मोडलं. मी गिझरचं पाणी घेतलं, पंधरा-सोळा थर गुंडाळले, खाली उशी सरकवली. "भाजतंय रे," म्हणाली. एकदाच म्हणाली. आणि मी — दोन शिकाऊ नर्स उभ्या होत्या ना तिथं, त्यांच्यापुढे शहाणपणा मिरवायचा होता — मी म्हणालो, "प्लास्टर गरम होतंच, आक्का. नाटकं करू नकोस." पोरी हसल्या. आक्काही हसली.

आठ दिवसांनी वास यायला लागला तेव्हा कापलं. मीच कापलं. पोटरीवर तळहाताएवढी जखम, काका... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं? मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणते, माझंच चुकलं, घरी दुखत होतं म्हणून गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत बसले. माझी नोकरी जाईल म्हणून हो! डॉक्टर तिला सगळ्यांदेखत वाटेल ते बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. आणि मी काय केलं? गप्प बसलो असतो तरी परवडलं असतं. मी म्हणालो, "सांगितलं होतं हो मी तिला." कुठून आलं ते माझ्या तोंडात, कुणास ठाऊक. लाज वाटते, काका. जेवताना वाटते, आरशात बघताना वाटते.

बाहेर बाकावर काठी घेऊन बसलीय ना, तीच. आज ड्रेसिंग आहे. दर वेळी डॉक्टर त्या पिशवीवरून तिला टोमणा मारतात आणि दर वेळी ती ऐकून घेते. आज सांगणार आहे मी त्यांना. आज नक्की. तुमचं आवरलं की लगेच —

या, डॉक्टर. नाही, विशेष काही नाही, काकांना समजावत होतो. घरी शेकत बसू नका म्हटलं, माणसं ऐकत नाहीत. हो ना, काका?

झालं तुमचं. उठा आता. बाहेर त्या बाईंना आत पाठवा.