रेषेवर उभे राहा, सर

अहो, परवा हिंजवडीत कंपन्यांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल पेनल्टीवर गेली. नेमलेला रेफरी आलाच नव्हता, आणि नियम मलाच पाठ, म्हणून शिट्टी माझ्याकडे. आणि आमचे गोलकीपर कोण, तर माझेच मॅनेजर! दर किकच्या आधी ते बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचे. मी पिवळं कार्ड दाखवलं.

"अगं, आपलीच टीम आहे!"

"आत्ता माझी कुठलीच टीम नाही. रेषेवर उभे राहा, सर."

समोरच्यांची शेवटची किक त्यांनी अडवली. सगळे नाचायला लागले, पण किक मारण्याआधीच सरांचे दोन्ही पाय रेषेपुढे आले होते. मी शिट्टी वाजवली.

"किक पुन्हा."

गोल झाला. बरोबरी झाली आणि पुढच्या फेरीत आम्ही हरलो.

परतीच्या बसमध्ये माझ्याशेजारी कुणी बसेना. शेवटी सरच येऊन बसले.

"पाय पुढे होते गं," ते म्हणाले. "तू बघशील असं वाटलं नव्हतं."