माझा कप्पा कुठला?

लेक : अगं, पण कशी झालीय ते तरी सांग! तीन रविवार खपलोय आम्ही या पेटीमागे.

आई : पेटी छान आहे. आता मला सांग, हिच्यात माझा कप्पा कुठला?

लेक : म्हणजे काय? सगळी पेटीच तुझी. तू दवाखान्यातून घरी येशील तेव्हा सरप्राइज म्हणून तर केली. दादानं प्लायवूड कापलं, वहिनीनं आतून मखमल लावली, कानातली अडकवायला झाकणाच्या आत जाळी मी बसवली. नाहीतर तुझे दागिने कुठे, तर बिस्किटांच्या डब्यात! साखळ्यांचा नुसता गुंता.

आई : गुंता माझा होता, मला सुटत होता. हा पहिला कप्पा बघ. त्याच्यावर रंगानं काय लिहिलंय? मोठ्यानं वाच.

लेक : 'आत्या'. आई, ते छोटीनं रंगवलंय गं. तिची हौस.

आई : अक्षर माझ्या नातीचं आहे, ते ओळखलं मी. अक्कल कुणाची? 'आत्या'च्या कप्प्यात माझा मोत्यांचा हार. पुढचा 'मम्मी'चा, म्हणजे सूनबाईंचा, त्यात माझ्या बांगड्या. तिसरा 'छोटी'चा, त्यात माझी कानातली. मी गुडघा बदलायला गेले होते गं! गुडघा! वर जायला नव्हते गेले.

सून : आई, बसून बोला ना. डॉक्टरांनी जास्त वेळ उभं राहू नका म्हटलंय.

आई : उभी आहे तोवर बघून घ्या. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, असं म्हणतात. इथं म्हातारी अजून मेलेलीच नाही आणि काळ येऊन कप्पे रंगवून गेला!

लेक : काहीतरीच काय बोलतेस! मापं घ्यायची होती. दागिना ठेवून बघितल्याशिवाय कप्पा केवढा करायचा ते कसं कळणार? म्हणून सगळं या टेबलावर मांडलं. मग हे मला आवडतं, ते तुला शोभेल, असं हसत-हसत चाललं होतं. त्यात छोटी ब्रश घेऊन तयारच.

आई : हसत-हसत. मी तिकडे पाय वाकवताना कळवळत होते, आणि इकडे हसत-हसत.

सून : हसत-हसत फार वेळ नाही चाललं.

लेक : वहिनी!

सून : का? खोटं आहे? हारावरून जेवणापर्यंत तोंड फुगवून कोण बसलं होतं? बांगड्या मी मागितल्या नव्हत्या. तूच म्हणालीस, हार मला राहू दे, बांगड्या तुला, वजनात तूच पुढे आहेस. वजनात! मी काय रद्दी घालायला बसले होते?

लेक : आणि तू काय म्हणालीस तेही सांग ना. 'सांभाळायचं आम्ही आणि न्यायचं तुम्ही.'

सून : म्हणाले. आत्ताही म्हणते. दवाखान्यात रात्री कोण झोपत होतं, ते आईंना माहीत आहे.

आई : थांब. दवाखाना मध्ये आणू नकोस. माझ्या उशाशी झोपलीस ते बांगड्यांसाठी झोपलीस असं मी म्हणावं का? नाही ना? मग तूही म्हणू नकोस.

सून : तसं नव्हतं म्हणायचं मला.

आई : आणि हे सगळं होत असताना माझे चिरंजीव काय करत होते?

लेक : दादा बिजागरी बसवत होता.

आई : बिजागरी! घरात दोन बायकांचा आवाज चढला की त्याला नेमका स्क्रू आठवतो. लहानपणापासून तसाच. आत्ता कुठे आहे?

सून : शेजारी गेलेत. ड्रिल परत द्यायला.

आई : बरोबर. आता अंधार पडेपर्यंत ते ड्रिल काही परत होत नाही.

लेक : आई, एक बोलू का? तूच आम्हाला हजारदा बजावलंयस. आजीच्या साखळीवरून तुझं नि मावशीचं वाजलं, ते आजतागायत तुम्ही एकमेकींच्या दारात पाऊल टाकलं नाही. 'तुमच्यात असं व्हायला नको, आधीच ठरलेलं बरं.' कुणाचे शब्द हे? मग आम्ही ठरवलं, तर आम्हीच चोर! पेटी करण्यात हात भरून आले माझे, बोटं चिकटली गमानं, आणि घरात पाय टाकल्यापासून तू नुसती फाडून खातेयस.

आई : ठरलेलं बरं, असं म्हटलं होतं मी. पण ठरवणार मी! दागिने माझे, जीभ माझी, डोकं शाबूत. मला विचारायला फोन नव्हता? रोज संध्याकाळी तर करत होतीस. सूप घेतलं का, झोप लागली का. त्यात एकदा विचारायचं होतंस, आई, हार कुणाला देणार आहेस?

लेक : आजारी माणसाला असं कसं विचारायचं?

आई : विचारायला लाज वाटली आणि घ्यायला वाटली नाही?

सून : आई...

आई : नाही, बोलू दे मला. ती साखळी, साखळी करत बसता ना सगळे? मग ऐका. तुमची आजी त्या वेळी गेलेली नव्हती. जिवंत होती, अंथरुणावर होती, सगळं समजत होतं. मावशी आली, उशीवरून तिची मान उचलली आणि गळ्यातली साखळी काढून घेतली. माझ्यासमोर. म्हणाली, हरवेल इथे, मी नेते. आईला बोलता येत नव्हतं. तिनं हात फक्त गळ्याशी नेला आणि तिथेच ठेवला. मी भांडले ते त्यासाठी. सोन्यासाठी नव्हे.

लेक : हे तू कधी सांगितलं नाहीस.

आई : काय सांगायचं? सख्खी बहीण आहे माझी. लोकांना वाटलं सोन्यावरून, वाटू दिलं. पण मघाशी हे झाकण उघडलं ना, तर माझाही हात गळ्याशी गेला. भरल्या घरात, धडधाकट असताना. इतका राग आला मला तुमचा की सांगता सोय नाही.

सून : चुकलं आमचं. मापं घेऊन तिथेच थांबायला हवं होतं.

आई : चुकलंच. आणि अजून संपलेलं नाही. त्या डब्यात तळाशी एक अंगठी होती, कागदाच्या पुडीत. ती कुणाच्या वाट्याला गेली?

लेक : अंगठ्या इकडे आहेत. ही खड्याची, ही साधी...

आई : पितळेची.

लेक : पितळेची? आई, तो... तो नट होता ना?

आई : आधी नट होता. तुझ्या बाबांनी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातून त्याची अंगठी केली. लग्न ठरलं, सोनं परवडणारं नव्हतं, म्हणाले तोवर ही घाल. मग सोन्याची आली, तरी मी हीच घालत होते. बोटांची पेरं सुजली तेव्हा साबण लावून काढावी लागली. कुठे आहे ती? टाकलीत?

लेक : टाकली नाही. आम्हाला वाटलं दादाच्या सामानातला कसला तरी भाग.

सून : आई, ती इथेच आहे. हा खालचा छोटा खण आहे ना, त्याला ओढायला कडी हवी होती. दुकानातल्या फार मोठ्या दिसत होत्या.

आई : कडी?

सून : लाकडात खाच करून तिची एक कड तेवढी आत बसवलीय. दोन ट्यूबांचा गम येतो ना, त्यानं पक्की केलीय.

आई : शाबास! मोत्यांवरून तोंडं फुगली, बांगड्यांची वजनं झाली, आणि हिला काय, तर खणाला ठोकली! तिघींपैकी एकीलाही हवीशी वाटली नाही?

लेक : आई, रडू नकोस ना.

आई : कोण रडतंय? संताप झालाय माझा.

सून : मी काढते. बारीक पातं घालून हळूहळू निघेल.

आई : हात लावू नकोस. घालून-घालून पातळ झालीय, पात्यानं वाकेल. त्यापेक्षा पॉलिश-पेपर आण. दोन तुकडे कर, एक तू घे, एक हिला दे. आणि ही तिन्ही नावं घासून काढा. छोटीला काय सांगायचं ते मी सांगेन, तिचा काही दोष नाही.

लेक : मग तुझं नाव घालायचं का?

आई : माझ्या वस्तूंवर माझं नाव कशाला? राहते ना मी इथे.

लेक : आणि हार, बांगड्या...

आई : मला वाटेल त्या दिवशी, मला वाटेल तिला, माझ्या हातानं. फार चौकशी केलीत तर शेजारणीला देईन. तोंडं काय बघताय, घासा!

सून : घासतोय. आई, निदान आता तरी खुर्चीवर बसा.

आई : बसते. त्या खालच्या खणात काय ठेवलंय?

लेक : काही नाही. तो रिकामाच राहिला. थांब, मी उघडून दाखवते, तुला पुढे वाकायला...

आई : हात मागे घे.

(आई कडीत बोट घालून खण ओढते. खण अर्धा उघडतो. ती बोट काढत नाही.)

सून : अडकतोय का? मी मेण चोळलं होतं कडेनं.

आई : खण बरोबर आहे.

लेक : मग काय झालं? बोट अडकलं? साबण आणू?

आई : नको. पहिल्या पेरापर्यंत येते अजून.